तलवारवाल्या शब्दांचं मानपत्र

साठ-सत्तरच्या सुमाराला जामनेरहून सरकारी माणसाची बदली व्हायची तर दोन कागद लागत. एक वरून यायचा आणि दुसरा भाईदास चौधरीच्या टेबलावरून. पहिला लांबला तर साहेब गुपचूप वाट बघत. दुसरा लांबला तर निरोपसमारंभच पुढे जाई. हा दुसरा कागद म्हणजे मानपत्र, आणि तेही इंग्रजीत. जळगावच्या छापखान्यात गुलाबी सॅटिनवर सोनेरी शाईने छापायचं, काचेच्या चौकटीत बसवायचं आणि साहेबांच्या हाती द्यायचं, असा रिवाज होता. देण्याआधी भाईदास ते उभा राहून मोठ्याने वाची. गाव मान डोलवत ऐके. कोणाला काही कळत नसे, पण आपल्या गावाने काहीतरी जबरदस्त दिलं आहे असं समाधान घेऊन लोक घरी जात.

हा भाईदास कोणी पंडित नव्हता. घेवरचंद शेठच्या जिनिंगमध्ये तो टायपिस्ट होता. मॅट्रिकला पहिल्या खेपेला इंग्रजीने आपटलेला आणि दुसऱ्या खेपेला काठावर तरलेला. दिवसभर कापसाच्या गाठी रवाना झाल्याची तीच ती पत्रं बडवायची, एवढाच त्याचा इंग्रजीशी रोजचा संबंध. आपली खरी पात्रता त्याला ठाऊक होती, पण गाव टाळ्या वाजवत असताना मध्येच उठून ती जाहीर करण्याइतका तो वेडा नव्हता.

त्याचं भांडवल म्हणजे एक जाडजूड डिक्शनरी. मेव्हण्याच्या सोयरिकीसाठी धुळ्याला गेला असताना ती त्याला रद्दीच्या दुकानात दिसली. कोणा गोऱ्या जज्जाच्या बंगल्यातून निघालेली, असं दुकानदार म्हणाला. पुढची पानं मात्र नव्हती. ती शेव-मुरमुऱ्याच्या पुड्या होऊन धुळेकरांच्या घरोघरी आधीच पोचली होती. भाईदासने ती धोंड मांडीवर घेऊन एसटीचा सगळा प्रवास केला आणि घरी आणून कोनाड्यात ठेवली. कोनाडा तिला पुरेना.

त्याची बायको पार्वताबाई धुळ्याकडची. तिने पुस्तकाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हाई धोंड ठेवाले घरमा जागा शे का?"

जागा नव्हती, म्हणून धान्याची कोठी हलली आणि डिक्शनरी राहिली. वाचता वाचता भाईदासच्या लक्षात आलं की काही शब्दांच्या आधी एक बारीक खूण आहे. उभी रेघ, वरच्या बाजूला आडवी मूठ, खाली टोक. डोळे बारीक करून पाहिलं तर चक्क तलवार. खुणेचा खुलासा पुढच्या पानांत असणार आणि पुढची पानं तर पुड्यांत गेलेली. मग भाईदासने स्वतःच्याच अकलेने खुलासा करून घेतला. तलवार कोण बाळगतो? सरदार. म्हणजे हे शब्द राणीच्या दरबारातले, आणि बिनतलवारीचे ते सगळे रयतेचे. तलवारवाल्या शब्दांपुढे पंधराशे अमुक, सोळाशे तमुक अशी सालं दिलेली होती. ती तलवार बहाल झाल्याची सालं असणार, रावबहादूर किताबाची असतात तशी. सगळं इतकं चोख बसलं की त्याला आपल्या बुद्धीचं कौतुक वाटलं. पुढे ही गोष्ट स्वतःच सांगताना तो म्हणे, "माणूस एकदा चुकायला लागला ना, की पुरावे आपोआप पायाशी येऊन पडतात."

तेव्हापासून मानपत्रात त्याने रयतेच्या शब्दांना कामापुरतंच घेतलं. मान द्यायची वेळ आली की तलवारवाला शब्द पुढे व्हायचा. एका मामलेदारांना त्याने लिहिलं की हे कधीच 'स्लोबॅक' नव्हते. स्लोबॅक म्हणजे आळशी. मामलेदार दुपारी कचेरीतच घोरत, पण शब्द ऐकून तेही ताठ बसले. देवीचे व्रण असलेल्या फौजदाराला त्याने 'स्नाउटफेअर' म्हटलं. म्हणजे देखणा. फौजदाराने चौकट छातीशी धरून फोटो काढून घेतला. आणि प्रत्येक मानपत्राच्या शेवटी ठरलेला शब्द यायचा, 'मेरी-गो-सॉरी'. तो इतक्या वेळा आला की गावाला पाठ झाला होता. 'सॉरी' कानावर पडलं की समारंभ संपत आला हे ओळखून बाया डोळ्यांना पदर लावत आणि पुरुष चपला शोधू लागत.

कीर्ती पसरली. बोदवडच्या स्टेशनमास्तरांना निरोप द्यायचा तर तिथले लोक जामनेरला आले. भडगावहून तिथल्या ओव्हरसियरसाठी बोलावणं आलं. भाईदासच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रस्त्याने चालताना तो उगाच कपाळाला आठ्या घालू लागला, कारण इतके शब्द डोक्यात असलेल्या माणसाने मोकळ्या चेहऱ्याने फिरणं त्याला बरं दिसेना. एवढ्या वर्षांत एकाही माणसाने त्याला एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. विचारला असता तर त्याने सांगितला असता, कारण अर्थ तो नीट वाचून, खातरी करून मगच शब्द वापरी. तेवढ्या बाबतीत तो प्रामाणिक होता.

एकाहत्तर साली सरकारी दवाखान्यातल्या नर्स सुंदरबाई तायडे रिटायर व्हायला आल्या. जामनेरच्या शाळांत बसलेली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जगात आलेली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, सुंदरबाई कोणत्या वस्तीतल्या हे गाव विसरत नसे. बऱ्याच घरांत त्यांना मागच्या दाराने नेत आणि बाळंतपण उरकलं की त्या उभ्या होत्या ती जागा पाण्याने धुऊन काढत. सुंदरबाई दोन्ही बघत आणि पिशवी उचलून पुढच्या घरी जात. पुढे धुणं कमी झालं. मागचं दार मात्र सवयीने तसंच राहिलं.

भाईदासच्या घरीही त्या मागच्याच दाराने आल्या होत्या. पार्वताबाईचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. पोरगी झाली ती निळी, गप्प. भाईदासच्या आईने हंबरडा फोडला. भाईदास ओट्यावर बसला तो उठेचना. सुंदरबाईंनी कोणाकडे बघितलं नाही. त्यांनी पोरीला पालथी धरली, पाठ चोळली, तिच्या तोंडाला तोंड लावून हळूहळू फुंकलं, पुन्हा चोळली. बाकीच्यांनी सुतक धरलं होतं आणि ही बाई काम करत होती. मग पोरगी रडली. तीच लता. भाईदासने रिवाजाप्रमाणे लुगडं दिलं, नारळ दिला आणि एक शब्दही बोलला नाही. त्याला बोलताच आलं नाही. नंतर रस्त्यात सुंदरबाई भेटल्या की तो नमस्कार करी आणि दर वेळी ते राहून गेलेलं वाक्य घशात घेऊन घरी येई.

म्हणून त्याने ठरवलं की या बाईंना मानपत्र द्यायचं, आणि असं द्यायचं की आजवरची सगळी त्यापुढे फिकी पडावीत. इंग्रजी मानपत्र नर्सला देण्याची पद्धत गावात नव्हती. ते साहेबलोकांनाच मिळे. भाईदास थेट घेवरचंद शेठकडे गेला, कारण निरोपसमारंभांचे अध्यक्ष नेहमी तेच.

शेठ गादीवर बसून कापसाचा नमुना बोटांनी उकलत होते. म्हणाले, "आमची प्रेमकुंवर त्या बाईमुळेच वाचली. सून आणि नातू दोघं. द्या मानपत्र. आणि भाईदास, इंग्रजी जरा वजनदार ठेवा."

भाईदासने वजनात काही कसूर ठेवली नाही. दिवाळीच्या आधी मसुदा तयार झाला. 'ग्रेसवाइफ' होता, 'वॉनहोप' होता, शेवटी अर्थातच 'मेरी-गो-सॉरी' होता. ओळीओळीला तलवारी लखलखत होत्या. तो मसुदा त्याने स्वतःलाच इतक्या वेळा वाचून दाखवला की पार्वताबाई शेजारी जाऊन बसू लागली.

दिवाळीच्या सुट्टीत लता जळगावहून घरी आली. कॉलेजात इंग्रजी घेऊन ती बी.ए. करत होती, आणि यात आपलाच वारसा आहे असं भाईदास समजून चालला होता. दुपारी त्याने तिला डिक्शनरी उघडून तलवारवाले शब्द दाखवले आणि दरबाराची सगळी हकिगत सांगितली. लता आधी हसली. मग बापाचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं.

"आबा, ही खूण आमच्या लायब्ररीतल्या डिक्शनरीतही आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय. ज्या शब्दाआधी ही खूण, तो शब्द मेलेला. आता कोणी बोलत नाही, लिहीत नाही. पुढचं साल म्हणजे तो शेवटचा कुठे वापरलेला सापडला ते."

भाईदासने डिक्शनरी मिटली. मग पुन्हा उघडली आणि त्या खुणेकडे पाहिलं. आता ती तलवार दिसेना. ख्रिस्ती लोकांच्या स्मशानात मातीवर रोवलेला क्रूस दिसायला लागला. ज्याला तो किताबाचं साल समजत होता, ते मयताचं साल निघालं. मामलेदार, फौजदार, बोदवडचे स्टेशनमास्तर, भडगावचे ते ओव्हरसियर, एकेकाची चौकट त्याच्या डोळ्यांपुढून गेली. रयतेचे जिवंत शब्द कोपऱ्यात बसवून त्याने गावोगाव मयत वाटले होते आणि वर टाळ्या घेतल्या होत्या. आठ्या घालून रस्त्याने फिरणारा तो माणूस त्याला आठवला आणि त्याला त्याची लाज वाटली, मग हसूही आलं.

पार्वताबाईने सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "म्हणजे तुमी बठ्ठा साहेबस्ना घरमा मढा टांगी उनात."

साहेबांच्या घरोघरी मढी टांगून आलो, हे खरंच होतं. साहेब लोक बदलून दूरदूर गेले होते आणि त्यांचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. पण सुंदरबाईंचं मानपत्र अजून छापखान्यात गेलं नव्हतं. ज्या बाईने आपली मेलेली धरलेली पोरगी जिवंत हाती दिली, तिला आपण मेलेले शब्द द्यायचे, हे त्याच्या मनाला पटेना. त्याने मसुदा बाजूला सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा मराठीत मानपत्र लिहायला घेतलं. साधं, सरळ, मनातलं. लिहून झाल्यावर त्याला स्वतःच्या प्रामाणिकपणाचा इतका गहिवर आला की छापण्याआधी ते सुंदरबाईंना ऐकवावं म्हणून तो दवाखान्यामागच्या त्यांच्या खोलीवर गेला.

सुंदरबाई ट्रंक भरत होत्या. त्यांनी काम थांबवलं, खाटेवर बसून सगळं ऐकलं. भाईदासचा आवाज मध्ये दोनदा भरून आला. संपल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं आहे." मग विचारलं, "इंग्रजी कुठाय?"

भाईदास गडबडला. "इंग्रजी नाही बाई. या खेपेला मराठीतच लिहिलं."

"या खेपेला का?"

भाईदास कागदाची घडी घालू लागला. सुंदरबाईंचा आवाज चढला नाही. त्या हिशेबाने बोलत होत्या. "मामलेदाराला इंग्रजी. फौजदाराला इंग्रजी. गुरांचा डॉक्टर गेला, त्यालासुद्धा इंग्रजी. मी मागं बायांमध्ये बसून प्रत्येकाचं ऐकलंय, भाऊ. माझी पाळी आली आणि मराठी निघालं?"

भाईदासने मग खरं काय ते सांगून टाकलं. डिक्शनरी, तलवारी, पुड्या, लता, सगळं. सुंदरबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"कधी मेले म्हणता ते शब्द?"

"तीन-चारशे वर्षं झाली."

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

"परवा."

"मामलेदारांना कळलंय?"

"नाही."

"मग मेले तर मेले," सुंदरबाई म्हणाल्या. "त्यांना चालले, मला का नाही चालणार? भाऊ, या गावानं मला मागच्या दारानं बोलावलं, मी आले. जाताना मात्र मी पुढच्या दारानं जाणार. जे साहेबांना दिलं तेच मला द्या. एक अक्षर कमी नको."

त्यांनी पुन्हा ट्रंकेत लुगडी रचायला घेतली. भाईदास परत निघाला तेव्हा त्याचे कान तापले होते. साहेबांच्या वेळी आपल्याला फुशारकी मारायची होती आणि आता आपल्याला साधं, भलं व्हायचं आहे, आणि दोन्ही वेळा आपण फक्त आपलंच बघितलं, हे त्याला स्वच्छ दिसलं. आपला पश्चात्ताप तो या बाईच्या मानातून कापून घ्यायला निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्याने इंग्रजी मसुदा जळगावला पाठवला आणि छापखान्याला निरोप दिला की सोनेरी शाई दोन हात लावा.

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. एरवी अशा समारंभाला पुढे पुरुष आणि मागे चार बाया असत. त्या दिवशी बायाच बाया आल्या, कडेवर पोरं, बोटाला पोरं, मोठाली झालेली पोरं मागे उभी. सुंदरबाई पांढऱ्या पातळात मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी घेवरचंद शेठ, पगडी नीट करत. लता आईजवळ सतरंजीवर बसली होती.

भाईदास उभा राहिला आणि त्याने वाचलं. शब्द मेलेले आहेत हे माहीत असूनही, किंवा बहुधा त्यामुळेच, तो आजवर कधी वाचला नव्हता इतक्या खणखणीत आवाजात वाचत होता. एकही शब्द त्याने गिळला नाही. 'मेरी-गो-सॉरी' आलं, बायांनी सवयीने पदर डोळ्यांना लावले, टाळ्या झाल्या. शेठ चौकट देण्यासाठी उठले.

सुंदरबाई उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता अर्थ सांगा."

शेठ चौकट हातात धरून तसेच उभे राहिले. असा प्रश्न कोणत्याही मानपत्राला आजवर कोणी केला नव्हता. भाईदासने घाम पुसला.

"कुठला सांगू?"

"ग्रेस का काय म्हणालात, तो."

"ग्रेसवाइफ. म्हणजे सुईण. पण फोड केली तर कृपेची बाई. जिच्या हाताला कृपा आहे ती."

पटांगणात चुळबुळ झाली आणि थांबली. कोणीतरी मागून विचारलं, मेरी-गो-सॉरीचं काय. "हसू आणि रडू दोन्ही एकदम येणं," भाईदास म्हणाला. द्रौपदाबाई म्हणून एक म्हातारी पुढेच बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, "आन् आपन इतला दिवस नुसत्याच रडी ऱ्हायनूत." लोक हसले. भाईदासलाही हसू आलं आणि त्याचे पाय जरा जमिनीला टेकले.

"अजून एक होता," सुंदरबाई म्हणाल्या. "वान काहीतरी."

"वॉनहोप." भाईदासने कागद खाली केला. "आशा सुटणं. मी लिहिलंय, यांना वॉनहोप कधी ठाऊक नव्हता." एवढ्यावर थांबता आलं असतं. अर्थ पुरा झाला होता. पण समोर लता बसली होती आणि ते घशातलं वाक्य इतक्या वर्षांनी वर यायला लागलं होतं. "म्हणजे असं, की माझी पोरगी जन्मली तेव्हा निळी होती. माझी आई रडायला लागली. मी ओट्यावर जाऊन बसलो. मी तिचा बाप, मी आशा सोडली होती. या बाई मागच्या दारानं आल्या होत्या. त्यांनी सोडली नाही. तुमचे फार उपकार झाले, बाई."

 त्याला रडू आलं, आणि ते एवढ्या लोकांपुढे आलं याचं त्याला काही वाटलं नाही. पटांगणात कोणी टाळी वाजवली नाही. बाया आपापल्या पोरांकडे बघत होत्या.

सुंदरबाई उठल्या. शेठच्या हातून चौकट घेतली आणि काचेवरून पदर फिरवला. "बरं झालं विचारलं," त्या भाईदासला हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, साहेबांसारखंच असेल."

त्या दिवसापासून भाईदासचा धंदा बसला. जामनेरात मानपत्र वाचून झालं की लोक अर्थ विचारू लागले. बोदवडकरांनी तर निरोपच धाडला की पुढचं मानपत्र अर्थासकट हवं. अर्थ सांगायचा म्हटला की खरं लिहावं लागे, आणि खरं लिहायला बसलं की साहेबांबद्दल दीड ओळीच्या पुढे सरकता येत नसे. पुढच्या वर्षी मामलेदार बदलून गेले तेव्हा गावाने त्यांना चांदीचा पेला दिला. पेल्यावर काय कोरायचं ते विचारायला सोनार भाईदासकडे आला. भाईदासने बराच विचार केला आणि म्हणाला, "नुसतं नाव घाला."